गाडीत न बसणाऱ्या काकू

काकूंना फोन केला की पलीकडून 'हॅलो' कधीच ऐकू यायचं नाही. खणखणीत आवाजात 'जय भीम' यायचं आणि मग, "बोला." नागपूरच्या घरी तसंच होतं, अमेरिकेत बेलव्ह्यूला आल्यावर ते बदलायचं कारण त्यांना दिसलं नाही. त्यामुळे त्यांच्या दातांच्या डॉक्टरांकडची रिसेप्शनिस्ट त्यांना वर्षानुवर्षं 'मिस जय' म्हणत असे. एकदा मी त्यांच्यासोबत तिथे गेले होते. "मिस जय, डॉक्टर विल सी यू नाऊ," असं ती म्हणाली आणि काकू शांतपणे उठून आत गेल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुम्ही तिला खरं नाव सांगत का नाही?"

"काय चुकीचं म्हणून राहिली ती?" काकू म्हणाल्या आणि सायकलचं कुलूप उघडायला लागल्या.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. माझं नवीन लग्न झालेलं. नवरा एका कॉम्प्युटर कंपनीत होता, आणि मला माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. मी दिवसभर अपार्टमेंटच्या खिडकीत बसून पार्किंग लॉट बघायचे. कोणाची गाडी केव्हा येते, कोण कुठे लावतं, हे मला पाठ झालं होतं. तिथे एक दिवस भर पावसात एक आकृती सायकलवरून आली. डोक्यावर बांधकामावर घालतात तसलं पिवळं हेल्मेट, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, पँटला घोट्यापाशी कपडे वाळत घालायचे चिमटे आणि पुढच्या टोपलीत कोथिंबिरीची जुडी. मला वाटलं, कोणाकडे तरी प्लंबर आला. ती आकृती जिन्याने आमच्या वरच्या मजल्यावर गेली आणि थोड्या वेळाने वरून फोडणीचा वास आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच दार वाजवलं. हातात झुणक्याची वाटी होती.

"तुला खिडकीत बघते मी रोज. काय करून राहिलीस दिवसभर?"

मी काहीतरी पुटपुटले.

"सायकल येते?"

"सांगलीला कॉलेजला सायकलनेच जायचे."

"मग इथं का नाही जात?"

"इथं कुठे जाणार?"

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्याच प्रश्नाची लाज वाटली. त्याच शनिवारी कोणाच्या तरी गॅरेजमधली जुनी सायकल त्यांनी मला आणून दिली. चेनला तेल त्यांनी घातलं, सीट खाली केली आणि मला पुढे घालून तळ्यापर्यंत नेलं. मी धापा टाकत होते. काकू मागून म्हणाल्या, "घाम येऊन राहिला ना? म्हणजे रस्ता बरोबर आहे."

त्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायच्या. रक्त तपासायचं, स्लाइड बघायच्या, रिपोर्ट लिहायचे. तिथेही सायकलनेच जायच्या. सिअ‍ॅटलकडचा पाऊस हा मोठा येत नाही, पण जातही नाही. त्या पावसात सगळं गाव गाडीच्या काचेआड असायचं आणि काकू बाहेर. मागून कोणी हॉर्न वाजवला तर त्या वळून न बघता एक हात वर करायच्या, एखाद्या मंत्र्याने गर्दीला करावा तसा. हॉर्न वाजवणारा गोंधळून परत हात करायचा.

चढांना त्या सासरच्या माणसांची नावं द्यायच्या. आमच्या घराजवळचा लहानसा पण एकदम अंगावर येणारा चढ म्हणजे 'नणंद'. हॉस्पिटलकडचा लांबलचक, संपला संपला म्हणताना पुन्हा सुरू होणारा, तो 'सासूबाई'. एक चढ फार सोपा होता, उगाच दुरून मोठा दिसायचा. त्याला त्या 'मामंजी' म्हणायच्या. "सासूबाईवर भेट मला, सकाळी," असा त्यांचा फोन आला की माझा नवरा हसून लोळायचा.

आणखी एक गोष्ट त्या करायच्या, जिचा अर्थ मला फार दिवस कळला नाही. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी तरी कळवळून म्हणायचं, "काकू, एवढ्या पावसात सायकल? ड्रायव्हिंग शिकून घ्या ना." की काकू पर्स उघडून ड्रायव्हिंग लायसन्स काढायच्या आणि त्या माणसाच्या हातात द्यायच्या. तो माणूस ते उलटसुलट बघायचा. मग काकू ते परत घेऊन पर्समध्ये ठेवायच्या आणि जेवायला वळायच्या. स्पष्टीकरण नाही.

शेजारच्या ओरेगॉन राज्याचा अख्खा किनारा सायकलवर करायची कल्पना त्यांनी अशाच एका संक्रांतीच्या जेवणात मांडली. हातात गुळपोळीची प्लेट घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जुलैमध्ये मी अ‍ॅस्टोरियाला सायकलवर बसणार आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवर उतरणार. समुद्राच्या कडेकडेने. ज्याला यायचं त्याने या." लोक हसले. मग हळूहळू हसणं थांबलं, कारण काकू बसल्या नव्हत्या. त्या नावं विचारत होत्या.

शेवटी आम्ही चौघं सायकलवर आणि माझा नवरा स्टेशन वॅगनमध्ये, तंबू आणि भांडी घेऊन. तिसरा सतीश, पुण्याचा, माझ्या नवऱ्याच्या ऑफिसमधला. त्याची सायकल नवी कोरी, दहा गिअरची. आपण सगळ्यांच्या पुढे राहणार याची त्याला खात्री होती, आणि तो राहिलाही. चौथी मीनल, सतरा वर्षांची, अमेरिकेतच जन्मलेली. तिच्या आईने तिला काकूंच्या हवाली केलं होतं, "हिला जरा टीव्हीसमोरून हलवा," असं सांगून. मीनल मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्लिशमध्ये द्यायची, तेही लागलं तरच.

काकूंचा नियम एकच होता आणि तो फक्त स्वतःपुरता होता. अ‍ॅस्टोरिया ते सीमा, मधला एक फूटसुद्धा गाडीत नाही. चालत गेलं तर चालतं, कारण पाय आपलेच. वाटेतल्या एका मोठ्या खाडीवरच्या उंच पुलावर वारा इतका होता की सायकल हातातून सुटत होती. तिथे काकू उतरल्या आणि कठड्याला धरून, सायकल ढकलत, एक एक पाऊल टाकत पलीकडे गेल्या. मीनलच्या पायात गोळे आले तेव्हा मात्र त्यांनी स्वतःच तिला उचलून वॅगनमध्ये बसवलं आणि तिचे पाय चोळले. तिला ओशाळं वाटत होतं. काकू म्हणाल्या, "माझा नियम माझ्यापाशी. तू नको घेऊ."

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही डोंगराच्या पायथ्याच्या कँपमधून निघालो तेव्हा सगळे खुशीत होते. वारा उत्तरेकडून, म्हणजे पाठीवर. डावीकडे डोंगर, उजवीकडे खाली समुद्र, त्यात उभे काळे खडक. गोल्ड बीच गावानंतर सगळ्यात मोठा चढ लागला. काकूंनी त्याला मोठ्या जाऊबाईंचं नाव दिलं आणि वर पोचेपर्यंत त्या जाऊबाईंशी मोठमोठ्याने भांडत होत्या. माथ्यावर धुकं होतं. मीनल हसत हसत वर आली. त्या प्रवासात तिला हसताना मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

मग उताराला लागलो आणि दुपारी रस्ता बंद सापडला.

डोंगराचा एक भाग रात्री केव्हातरी खचून रस्त्यावर आला होता. यंत्रं माती काढत होती. एकच अरुंद पट्टा मोकळा, तोही खडीचा, आणि त्यावरून एका बाजूच्या गाड्या सोडत होते, एका पिकअप ट्रकच्या मागे रांगेने. रस्त्याच्या मध्यभागी नारिंगी जाकीट घातलेली एक मुलगी हातात थांबण्याची पाटी घेऊन उभी होती. जाकिटावर नाव होतं, डेबी. तिने काकूंचं पिवळं हेल्मेट पाहिलं आणि अदबीने विचारलं, "मॅडम, तुम्ही इन्स्पेक्शनला आलात का?"

गैरसमज दूर झाल्यावर ती म्हणाली, "सायकली आत सोडता येत नाहीत. पण काळजी करू नका, ट्रकमध्ये टाकून आम्ही तुम्हाला पलीकडे नेतो. दोनच मैल आहेत."

सतीशने लगेच सायकल उचलली. मीही उतरले. काकू जागच्या हलल्या नाहीत.

"चालत गेलं तर?" त्यांनी विचारलं.

"नाही, मॅडम. वरून दगड येतात. यंत्रं फिरतायत."

"मग मी थांबते."

"किती वेळ?"

"रस्ता उघडेपर्यंत."

डेबीने वॉकीटॉकीवर कोणाला तरी बोलावलं. तिचा मुकादम आला. धिप्पाड, दाढीवाला, आवाजाने मऊ. त्याने टोपी काढून सगळं पुन्हा समजावलं. नियम, विमा, धोका. काकूंनी नीट ऐकून घेतलं. त्याला वाटलं पटलं. मग काकूंनी पर्स उघडून लायसन्स काढलं आणि त्याच्या हातात दिलं. त्याने ते पाहिलं, काकूंकडे पाहिलं.

"मला गाडी चालवता येते," काकू इंग्लिशमध्ये म्हणाल्या. "बसायचं नाही. तुमचं काम केव्हा थांबतं?"

"संध्याकाळी. मग आम्ही खडी दाबून पट्टा मोकळा करतो. दगड पडायचे थांबले असले तर तेव्हा सायकल सोडेन. पण मॅडम, संध्याकाळ फार लांब आहे."

"मी बसते. तुमच्या वाटेत नाही बसत."

आणि त्या रस्त्याकडेच्या गवतावर जाऊन बसल्या.

सतीश वैतागला होता, आणि त्याचं अगदीच चुकत होतं असंही नाही. सोमवारी सगळ्यांना कामावर जायचं होतं. अंधार व्हायच्या आत सीमा गाठायची होती. माझा नवरा सकाळीच वॅगन घेऊन पुढे गेला होता, त्याला कळवायची सोय नव्हती.

"काकू, यार, दोन मैल," तो म्हणाला. "सगळा किनारा सायकलवर केलात तुम्ही. ह्या दोन मैलांचं कुणाला कळणार आहे?"

"मला."

काकूंचा आवाज चढला नव्हता. त्या पुढे म्हणाल्या, "तुम्ही जा ट्रकमधून. खरंच जा. त्याने तुमचं काही कमी होत नाही. पलीकडे थांबा, मी येते."

सतीशने सायकल ट्रकमध्ये ठेवली. माझ्याकडे पाहिलं. माझे पाय मोडून आले होते आणि ट्रकचं मागचं फळकूट उघडंच होतं. मी निर्णय घेण्याआधीच मीनल जाऊन काकूंच्या शेजारी गवतावर बसली.

"आय अ‍ॅम स्टेइंग विथ काकू."

मग मीही बसले. सतीश एकटाच गेला. जाताना त्याने ट्रकच्या ड्रायव्हरला सांगून ठेवलं, आणि पलीकडे तपकिरी स्टेशन वॅगनवाला कोणी भारतीय माणूस काळजीत दिसला तर त्याला निरोप देतो असं ड्रायव्हर म्हणाला.

दुपार तशीच गेली. यंत्रांचा आवाज, खाली समुद्राचा आवाज, मधूनमधून वरून घरंगळणारी खडी. गाड्यांची रांग यायची, थांबायची, लोक खिडकीतून आमच्याकडे बघायचे. काकूंनी डब्यातली भाकरी-चटणी काढली, चौथा भाग डेबीला नेऊन दिला. तिचे डोळे पाण्याने भरले, चटणीने. पण तिने संपवली आणि आणखी मागितली.

मीनलने विचारलं, "काकू, व्हाय डू यू हेट कार्स?"

"गाडीचा राग नाही मला, बेटा."

"देन व्हाय?"

मला वाटलं, नेहमीसारख्याच त्या पर्स उघडतील. त्यांनी उघडली नाही. समुद्राकडे बघत त्या सांगायला लागल्या, आणि मी इतक्या दिवसांत प्रथमच ते ऐकलं.

काका गेले ते गाडीत. आम्ही बेलव्ह्यूला राहायला यायच्या आधीची गोष्ट. दोघं बाजार करून फ्रीवेने परत येत होते. काकांनी अचानक छातीवर हात ठेवला. तशाही अवस्थेत त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, थांबवली आणि मान टाकली. काकूंना गाडी येत नव्हती. धोक्याचे दिवे कसे लावायचे हेही माहीत नव्हतं. शेजारून गाड्या जात होत्या. त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहून हात करत राहिल्या. बऱ्याच वेळाने एक ट्रकवाला थांबला. तोपर्यंत काका नव्हते.

"मी मेले तरी चालेल पण असं पुन्हा उभं राहायचं नाही, असं वाटलं," काकू म्हणाल्या. "म्हणून शिकले. त्याच गाडीवर. पास झाले. लायसन्स आलं त्या दिवशी एकटी गाडी घेऊन फ्रीवेवर गेले, त्याच जागी कडेला थांबवली, दिवे लावले. थोडा वेळ बसले. मग घरी आणली आणि विकून टाकली."

"अँड देन यू बॉट द बाइक?"

"हो. येत नाही म्हणून चालवत नाही असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी ते कार्ड ठेवते." त्यांनी पाय लांब केले. "बापाने सासरी पोचवलं. नवऱ्याने अमेरिकेला आणलं. चांगली माणसं होती दोघं, तक्रार नाही. पण मला आयुष्यभर कोणी ना कोणी नेलं, बेटा. ह्या एका रस्त्यावर मला नेलं असं नको. मी गेले असं हवं."

मीनलने काकूंच्या पँटचा निघालेला चिमटा नीट लावला.

काकू पुढे काही वर्षांनी निवृत्त होऊन नागपूरला परत गेल्या. तिथे त्यांच्याबद्दल कोण काय सांगतं मला माहीत नाही. लोक मला इथे त्यांच्याबद्दल विचारतात तेव्हा हेल्मेटचं आणि 'मिस जय'चं सांगून मी हसवते. पण माझ्या मनात त्या असतात त्या रस्त्याकडेच्या गवतावर, पाय लांब करून, जणू अख्खा डोंगर सरकेपर्यंत बसायची तयारी आहे अशा.

संध्याकाळी यंत्रं थांबली. मुकादम स्वतः पट्ट्यावरून चालत गेला, वर बघत, आणि परत आला. "दगड थांबलेत," तो म्हणाला. "गाड्या थोडा वेळ दोन्हीकडून अडवतो. तुम्ही जा. मी मागे चालत येतो." काकूंनी त्याचे आभार मानले, आणि सायकलवर बसल्या; मागे मीनल आणि मी. ओल्या मातीत चाकं रुतत होती. एका ठिकाणी काकू उतरल्या, ढकलली, पुन्हा बसल्या. कामगार यंत्रांवरून उतरून कडेला उभे होते. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकाने हेल्मेटला हात लावला. काकूंनीही आपल्या हेल्मेटला हात लावला.

पलीकडे वॅगन उभी होती. माझा नवरा बॉनेटवर स्टोव्ह ठेवून चहा करत होता. निरोप पोचला होता. सतीश जरा दूर, सायकलला टेकून उभा होता. काकू उतरल्या तसा तो पुढे आला. मला वाटलं, आता हा उशिराबद्दल बोलणार.

"काकू, मला अर्धा तास द्याल?" तो म्हणाला. "माझा तो तुकडा राहिलाय."

काकूंनी नुसती मान हलवली. तो मुकादमाशी काहीतरी बोलला. मुकादमाने कपाळावर हात मारला, पण वॉकीटॉकी तोंडाशी नेली. सतीश त्या चिखलातून एकटा परत उत्तरेला गेला आणि वळून पुन्हा आला. आमच्यातला सगळ्यात वेगवान माणूस त्या दिवशी सगळ्यात शेवटी पोचला. त्याचा चहा काकूंनी बशी उपडी घालून झाकून ठेवला होता.

पुढचा रस्ता सोपा होता. ब्रूकिंग्ज हे शेवटचं गाव मागे पडलं, सूर्य पाण्याला टेकायला आला, आणि 'कॅलिफोर्निया' लिहिलेली पाटी आली. फोटो काढायला कॅमेऱ्यात रोल उरला नव्हता. काकूंनी पाटीच्या खांबाला हात लावला. "झालं," म्हणाल्या. एवढंच.

पण झालं नव्हतं. थोडं पुढे कॅलिफोर्नियाची शेतीखात्याची चौकी होती; बाहेरची फळं राज्यात नेऊ देत नाहीत. वॅगन तिथल्या शेडखाली लावून, सायकली टपावर बांधून परत फिरायचं असं ठरलं होतं, म्हणून आम्ही सगळेच तिथपर्यंत गेलो. चौकीतला माणूस वयस्कर होता. त्याने काकूंच्या टोपलीत डोकावून पाहिलं. त्यात लिंबं होती.

"ही इथे सोडावी लागतील, मॅडम."

"फेकणार तुम्ही?"

"नियम आहे."

"नियम आहे, बरोबर आहे," काकू म्हणाल्या. नियम पाळणाऱ्या माणसाबद्दल त्यांना आदरच वाटायचा. त्यांनी माझ्या नवऱ्याकडून सुरी मागितली, साखर मागितली, आणि त्या चौकीच्या कट्ट्यावर सगळी लिंबं कापून पाण्याच्या बाटल्यांमध्ये पिळली. सालं त्याच्या डब्यात मोजून टाकावीत तशी एकेक टाकली. सरबताचा पहिला पेला त्याला दिला. तो पेला हातात धरून तो काकूंकडे, चिखलाने भरलेल्या सायकलकडे, पिवळ्या हेल्मेटकडे बघत राहिला.

"तुम्ही कुठून आलात?"

"अ‍ॅस्टोरिया."

"ह्या सायकलवर? सगळा किनारा?"

"सगळा."

तो सरबत प्याला. मग त्याने आमच्याकडे वळून बघितलं. सतीश गुडघ्यापर्यंत मातीने माखलेला, मीनलच्या केसांत गवत, माझ्या हाताला चेनचं काळं तेल.

"आणि तुम्ही कोण?" त्याने विचारलं.

त्याला सांगण्यासारखं माझ्यापाशी बरंच होतं. नाव, गाव, नवऱ्याची कंपनी. अमेरिकेत आल्यापासून मी तेच सांगत आले होते. मी तोंड उघडायच्या आत मीनल पुढे झाली, आणि त्या सबंध प्रवासात पहिल्यांदाच मराठीत बोलली, हे विसरून की त्या माणसाला त्यातलं काहीही कळणार नव्हतं.

"आम्ही ह्यांच्याबरोबरचे," ती म्हणाली.